विशेषनाम की सामान्यनाम? इंग्रजीत कॅपिटल कधी घ्यायचं, कधी नाही

मुद्राराक्षस

इंग्रजी मजकूर तपासायला घेतला की कॅपिटल अक्षरांच्या चुका मुख्यतः दोन तऱ्हांच्या सापडतात. जिथे हवं तिथे नाही, ही चूक तशी कमी. जे जे महत्त्वाचं वाटलं ते ते कॅपिटल, हिचा मात्र सुळसुळाट. 'मॅनेजर', 'कंपनी', 'प्रोजेक्ट', 'डिग्री', 'समर', सगळ्यांना सरसकट मोठं अक्षर. देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही, त्यामुळे लिहिता लिहिता हा निर्णय घ्यायची सवय हाताला नसते.

मूळ घोटाळा व्याख्येच्या पाठांतरात आहे. 'विशिष्ट व्यक्तीचं, स्थळाचं किंवा वस्तूचं नाव ते विशेषनाम' यातलं 'विशिष्ट' लक्षात राहतं आणि 'नाव' निसटतं. टेबलावर एकच पेन आहे आणि मी त्याच्याकडेच बोट दाखवतोय, तरी 'पेन' सामान्यनामच. उलट 'स्मिथ' आडनावाची माणसं जगात लाखोंनी आहेत, तरी ते विशेषनाम. वस्तू एक की अनेक, मोठी की क्षुल्लक, याच्याशी काही देणंघेणं नाही. शब्द या वाक्यात हाक मारायला वापरलाय की जात सांगायला, एवढंच बघायचं.

माझ्या कसोट्या या क्रमाने:

आधी शब्दाला 'कोणता?' विचारून पाहा. 'रिव्हर' म्हटलं की 'कोणती?' हा प्रश्न उरतो. 'नाईल' म्हटल्यावर उरत नाही.

मग मागे 'अ', 'एव्हरी' किंवा 'टू' लावा. 'टू सिटीज' सहज बसतं, 'टू लंडन्स' अडखळतं. कधी कधी नावही बसतं, जसं 'टू स्मिथ्स इन द क्लास'. तिथे विशेषनाम सामान्यनामासारखं वापरलंय, पण एस कॅपिटलच राहतो.

जोडनाव असेल तर जातिवाचक भाग नावात धरलाय का ते बघा. 'नाईल रिव्हर' असं पूर्ण नाव आलं की आर कॅपिटल. पुढच्याच ओळीत 'द रिव्हर फ्लडेड' आलं की आर छोटा. 'युनिव्हर्सिटी', 'ब्रिज', 'लेक', 'स्ट्रीट', 'कमिटी' सगळ्यांचं असंच. म्हणून शब्दांची यादी पाठ करून भागत नाही. तोच शब्द लागोपाठच्या दोन ओळींत दोन तऱ्हांनी येतो, आणि दोन्ही बरोबर असतात.

अडचणीची उदाहरणं खाली टाका, एकेक करून बघू.

अल्पविराम

+१. पदांना हीच कसोटी लावली की निम्मे वाद मिटतात.

पद नावाच्या आधी, नावाला चिकटून आलं तर ते नावाचाच भाग: 'प्रेसिडेंट लिंकन', पी कॅपिटल. एकटं आलं किंवा नावानंतर स्वल्पविराम देऊन आलं तर ते कामाचं वर्णन: 'द प्रेसिडेंट साइन्ड द बिल', पी छोटा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैली आणि पुस्तकांच्या संपादनात चालणारी शिकागो शैली, या दोन्ही इंग्रजी लेखनाच्या नियमपुस्तिकांचं इथे एकमत आहे. सरकारी कार्यालयं आपापल्या पत्रांत पद कॅपिटल करतात, तो दरबारी शिष्टाचार झाला. त्यांच्या लेटरहेडवर लिहीत असाल तर तो पाळा, बातमीत किंवा लेखात नको.

फाटा फुटतो तो 'फॉर्मर'पाशी. 'फॉर्मर प्रेसिडेंट जिमी कार्टर' यात असोसिएटेड प्रेस पी कॅपिटल ठेवते. शिकागो म्हणते, मागे विशेषण लागलं की पद वर्णन झालं, म्हणून पी छोटा. 'जर्मन चान्सलर अँगेला मर्केल' यातल्या सी-चंही तेच. दोन्ही आपापल्या जागी शुद्ध आहेत, पण एकाच लेखात दोन्ही दिसले की लेख दोघांनी मिळून लिहिल्यासारखा वाटतो.

नात्यांच्या शब्दांना याहून सोपी युक्ती: त्या जागी माणसाचं नाव घालून पाहा. 'आय आस्क्ड मदर' इथे 'आय आस्क्ड मेरी' चालतं, म्हणून एम कॅपिटल. 'आय आस्क्ड माय मदर' इथे 'माय मेरी' बसत नाही, म्हणून छोटा. 'माय', 'हर', 'द' असं काही मागे आलं की नातं जातिवाचक झालं. 'अंकल जॉन' कॅपिटल, 'माय अंकल' छोटा. थेट संबोधनात, 'येस, डॉक्टर', कॅपिटल.

जुळारी

नोकरीच्या अर्जात सगळ्यात जास्त घाण याचीच असते. 'आय वर्क्ड ॲज अ सीनियर अकाउंटंट' यात एस आणि ए दोन्ही छोटे. 'अ' लागलाय ना मागे? तिथेच निकाल लागला. तेच पद सहीखाली किंवा बायोडेटात स्वतंत्र ओळीवर असेल तर कॅपिटल चालतं, कारण तिथे ते लेबल आहे, वाक्याचा भाग नाही.

विषयांची नावं छोटी: 'फिजिक्स', 'हिस्टरी', 'अकाउंटन्सी'. अपवाद भाषांचा: 'इंग्लिश', 'मराठी', 'फ्रेंच' कायम कॅपिटल. 'अ बॅचलर्स डिग्री' छोटं. 'बॅचलर ऑफ सायन्स' असं पूर्ण आलं की असोसिएटेड प्रेस कॅपिटल करते, शिकागो वाक्यात आलेलं छोटंच ठेवते.

टिंबटिंब

दोन शंका.
१) 'नाईल रिव्हर' कॅपिटल, कबूल. पण दोन नद्या एकदम आल्या तर? 'द नाईल अँड ॲमेझॉन रिव्हर्स' यात आर कसा?
२) सूर्य एकच आहे. मग 'सन' विशेषनाम का नाही?

मुद्राराक्षस

पहिल्याचं उत्तर शैलीवर. असोसिएटेड प्रेस: अनेकवचन झालं की तो शब्द कुणा एकीच्या नावाचा उरत नाही, म्हणून आर छोटा. शिकागो: एकवचनात नावाचा भाग होता ना, मग अनेकवचनातही कॅपिटल. रस्ते, तलाव, डोंगर सगळ्यांना हाच नियम. मला पहिला पटतो, पण संपादक शिकागोवाले असतील तर हुज्जत घालत नाही.

दुसरा प्रश्न भारी आहे, कारण 'एकमेव म्हणजे विशेषनाम' हा समज तिथेच कोसळतो. नेहमीच्या लिखाणात 'द सन', 'द मून', 'द स्काय' छोटेच. एकमेव असले तरी ते जातीचे शब्द आहेत. खगोलशास्त्रात मात्र आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची शिफारस अशी की आपला सूर्य, आपला चंद्र आणि पृथ्वी यांना कॅपिटल. त्यामागे चोख कारण आहे. गुरूच्या चंद्रांबद्दल आणि आपल्या चंद्राबद्दल एकाच परिच्छेदात लिहायचं असेल तर 'मून' मोठ्या एमने म्हणजे आपला, छोट्या एमने म्हणजे कुठल्याही ग्रहाचा उपग्रह. 'गॅलक्सी'लाही ते हेच लावतात: मोठ्या जीने आपली आकाशगंगा, छोट्या जीने दुसरी कुठलीही.

'अर्थ' हा शब्द दोन्हीकडे लोंबकळतो. 'मार्स, अर्थ अँड व्हीनस' अशी ग्रहांची पंगत असेल आणि मागे 'द' नसेल तर ई कॅपिटल. माती, जमीन या अर्थाने आणि 'व्हॉट ऑन अर्थ' सारख्या वाक्प्रचारात छोटा.

अल्पविराम

दिशाही याच माळेतल्या. 'ड्राइव्ह नॉर्थ' यात एन छोटा, ती नुसती दिशा. 'द नॉर्थ' म्हणजे ठरावीक प्रदेश, तेव्हा कॅपिटल. 'साउथ आफ्रिका' हा देश, दोन्ही अक्षरं मोठी. 'सदर्न आफ्रिका' म्हणजे खंडाचा दक्षिण भाग, तिथे एस छोटा आणि ए मोठा. इथला एस चुकला तर नुसतं शुद्धलेखन चुकत नाही, नकाशाच बदलतो.

टिंबटिंब

आणि ऋतू? 'मंडे' कॅपिटल, 'जानेवारी' कॅपिटल, पण 'समर', 'विंटर' छोटे. वार दर आठवड्याला येतो, ऋतू दर वर्षी. तर्क काय?

व्याकरणवेडा

तर्क शोधू नका, रूढी आहे. इंग्रजीने वार आणि महिने नावं मानली, ऋतू मानले नाहीत. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये वार, महिने आणि भाषांची नावंही छोट्या अक्षराने लिहितात. फ्रेंचची आणखी गंमत: 'फ्रान्से' म्हणजे फ्रेंच माणूस असेल तर कॅपिटल, तोच शब्द विशेषण किंवा भाषा म्हणून आला की छोटा. जर्मनमध्ये तर सगळीच नामं कॅपिटल, सामान्यनाम असो की विशेषनाम. खुर्ची, पाव, दुःख, सगळ्यांना मोठं अक्षर. तिथे कॅपिटल पाहून कळतं ते एवढंच की हे नाम आहे. डॅनिशमध्येही तसंच होतं, त्यांनी ते १९४८च्या सुधारणेत काढून टाकलं. इंग्रजीतही एके काळी हा कल होता. १७८७च्या अमेरिकन राज्यघटनेच्या हस्तलिखितात बहुतेक नामं मोठ्या अक्षराने आहेत.

ऋतूंना एकच अपवाद: ते नावात अडकले तर कॅपिटल, जसं 'विंटर ऑलिम्पिक्स'.

मूळ मुद्द्याला एक पुरवणी. विशेषनाम हा व्याकरणाचा भाग आहे आणि कॅपिटल हा लिपीचा. दोन्हींची सीमा जुळत नाही. 'इंग्लिश' हे विशेषण असलं तरी कॅपिटल, 'आय' हे सर्वनाम असून कॅपिटल, वाक्याचा पहिला शब्द तर कोणीही असला तरी कॅपिटल. आणि अरबी, हिब्रू, चिनी, जपानी, देवनागरी अशा लिप्यांत मोठं अक्षर नाही, पण विशेषनाम आहेच.

जुळारी

बरं झालं देवनागरीवर आलात. मराठी मजकूर इंग्रजीत नेताना 'आनंद', 'प्रकाश', 'आशा', 'कविता' हे शब्द नाव की वस्तू ते आधी ठरवावं लागतं. भाषांतराच्या यंत्रांचा इथे हमखास पाय घसरतो. 'आशा आली' चं 'होप केम'.

व्याकरणवेडा

मराठीत मोठं अक्षर नसलं तरी खूण आहे, ती सामान्यरूपात. आजच्या मराठीत माणसाचं नाव प्रत्ययापूर्वी सहसा बदलत नाही, सामान्यनाम बदलतं. शेजारी शेजारी ठेवून पाहा:

'आनंदला सांग' आणि 'आनंदाला पारावार उरला नाही'.
'प्रकाशने वाचलं' आणि 'प्रकाशाने डोळे दिपले'.
'सागरला विचार' आणि 'सागराला भरती आली'.
'आशाला बोलाव' आणि 'आशेला जागा नाही'.
'कविताने लिहिलं' आणि 'कवितेने भारावलो'.

अकारान्त पुल्लिंगी शब्दाला मध्ये 'आ' लागला किंवा आकारान्त स्त्रीलिंगीचा 'ए' झाला, की ते बहुधा सामान्यनाम. तसाच राहिला की माणूस. इंग्रजीत नेताना 'आशाला'तलं नाव मोठ्या एने, 'आशेला'तली 'होप' छोट्या एचने. आडनावांतही तेच: 'काळेंनी सही केली' यात माणूस, 'काळ्यांनी' म्हटलं की रंगाकडे झुकतं. जुन्या वळणाने मात्र 'काळ्यांनी' हेही आडनावाचं रूप म्हणून येतं, तेव्हा मागचं-पुढचं वाक्य बघा.

ही कसोटी कुठे लंगडी पडते तेही सांगतो. ईकारान्त शब्द दोन्हीकडे सारखेच राहतात: 'ज्योतीला' म्हणजे मुलीला की दिव्याच्या ज्योतीला, रूपावरून कळत नाही. देवादिकांची आणि पुराणातली नावं सामान्यनामासारखी चालतात: 'रामाने', 'कृष्णाला', 'अर्जुनाचा'. त्यामुळे 'रामाने' म्हणजे पुराणातला आणि 'रामने' म्हणजे शेजारचा, असा भेद आपोआप पडतो. नद्या आणि स्थळं यांना कसोटी लावूच नका. नदी 'गंगेला' होते, आणि 'नागपूरला' व 'नागपुरात' ही दोन्ही रूपं एकाच नावाची.

अल्पविराम

हे आवडलं. तुर्की भाषेत दोन्ही खुणा एकदम आहेत, बरं का. प्रत्यय शब्दाला जोडूनच लागतात, आपल्यासारखे, पण विशेषनामाला लागताना मध्ये अपॉस्ट्रॉफी येते: इस्तंबूल, मग टिकली, मग 'दा'. नाव कुठे संपलं आणि प्रत्यय कुठे सुरू झाला ते डोळ्यांना दिसतं.

परीक्षानळी

विज्ञानाकडे कुणी वळलं नाही अजून. इथे कॅपिटल चुकलं तर आकडा चुकतो, म्हणून जरा लांबण लावतो.

एककांची नावं ही सामान्यनामं. माणसाच्या नावावरून आली तरी पूर्ण लिहिताना छोटी: 'न्यूटन', 'वॉट', 'पास्कल', 'हर्ट्‌झ', 'केल्विन'. शास्त्रज्ञ 'न्यूटन' मोठ्या एनने, 'टेन न्यूटन्स' छोट्या एनने. चिन्ह मात्र उलट: माणसाच्या नावावरून आलं असेल तर पहिलं अक्षर कॅपिटल, नसेल तर छोटं. म्हणून न्यूटनचा मोठा एन, पास्कलचा मोठा पी आणि छोटा ए. मीटरचा छोटा एम, सेकंदाचा छोटा एस, ग्रॅमचा छोटा जी.

अपवाद दोन. 'डिग्री सेल्सिअस' पूर्ण लिहितानाही सी कॅपिटल. आणि लिटर हे काही माणसाच्या नावावरून नाही, पण छोटा एल आणि आकडा १ सारखे दिसतात म्हणून १९७९पासून मोठा एलही मान्य आहे. औषधाच्या मात्रेत मोठा एलच घ्यावा असं माझं मत.

गफलती उपसर्गांत होतात. छोटा एम म्हणजे मिली, मोठा एम म्हणजे मेगा. छोटा एम आणि मोठा डब्ल्यू म्हणजे मिलिवॉट, दोन्ही मोठे म्हणजे मेगावॉट. फरक एक अब्ज पटींचा. किलोचा के कायम छोटा. मोठा के म्हणजे केल्विन, त्यामुळे वजनापुढे मोठा के आणि जी लिहिणं चूक, दोन्ही छोटेच हवेत. चिन्हांना अनेकवचनाचा एस नाही, वाक्य तिथेच संपत नसेल तर पूर्णविरामही नाही.

संगणकात छोटा बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट. इंटरनेटची जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटची असेल तर फाइल उतरते जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइटच्या वेगाने. 'वेग कमी मिळतो' अशा तक्रारींतल्या काही तर या एका अक्षरातच संपतात.

रसायनात मूलद्रव्यांची नावं सामान्यनामं: 'ऑक्सिजन', 'आयर्न', अगदी 'क्युरियम' आणि 'आइन्स्टाइनियम'सुद्धा छोट्या अक्षराने. चिन्हात पहिलं मोठं, दुसरं छोटं. मोठा सी छोटा ओ म्हणजे कोबाल्ट, दोन्ही मोठे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. एक धातू, दुसरा विषारी वायू.

जीवशास्त्रात प्रजातीचं पहिलं नाव मोठ्याने, दुसरं कायम छोट्याने, दोन्ही तिरप्या टायपात: 'होमो सेपियन्स'. दुसरं नाव माणसावरून पडलं असलं तरी छोटंच. मांजरांच्या कुळाचं नाव 'फेलिडी' कॅपिटल, त्यावरून आलेला साधा शब्द 'फेलिड' छोटा. बोलीतल्या नावांत माणसाचं नाव तेवढं मोठं: 'थॉमसन्स गझेल' यात टी मोठा, जी छोटा.

आजारही असेच. 'पार्किन्सन्स डिसीज' यात पी मोठा, डी छोटा. 'मलेरिया', 'ट्युबरक्युलोसिस' छोटे. 'इबोला' मोठा, कारण ते नदीचं नाव.

टिंबटिंब

ब्रँडची नावं राहिली. 'एस्कलेटर' कॅपिटल का नाही?

मुद्राराक्षस

एके काळी होतं. ते ओटिस कंपनीचं व्यापारचिन्ह होतं. अमेरिकेत १९५०मध्ये निकाल लागला की हा शब्द आता अशा जिन्याचंच नाव झालाय, कंपनीची खूण उरलेला नाही. 'ॲस्पिरिन'चं अमेरिकेत १९२१मध्ये तसंच झालं, 'थर्मॉस'चं १९६३मध्ये. ॲस्पिरिन जर्मनी आणि कॅनडात अजून बायर या औषध कंपनीचं नोंदलेलं चिन्ह आहे, म्हणजे देश बदलला की ए-चा आकार बदलायचा. शब्दकोशात छोटं दिलंय का ते आधी बघा, आणि शंका असेल तर ब्रँड टाळून वस्तूचं साधं नाव लिहा: 'फोटोकॉपी', 'व्हॅक्यूम फ्लास्क'.

'इंटरनेट'चा प्रवास अजून ताजा आहे. असोसिएटेड प्रेसने २०१६मध्ये आय छोटा केला, शिकागोने २०१७मध्ये. जुन्या लेखात मोठा दिसला तर ती त्या काळची रीत. अवतरणात असेल तर तसाच ठेवा.

जुळारी

शीर्षकांबद्दल लिहितो, कारण तिथे मशीनवर विसंबून लोक फसतात.

शीर्षक दोन रीतींनी लिहितात. एका रीतीत साध्या वाक्यासारखं: पहिला शब्द आणि विशेषनामं मोठी, बाकी छोटं. दुसरीत मुख्य शब्द मोठे, आर्टिकल, बारीकसारीक शब्दयोगी आणि उभयान्वयी छोटे. दुसऱ्या रीतीत लोक लांबी पाहून ठरवतात आणि हमखास चुकतात. 'इज' दोन अक्षरी असला तरी क्रियापद, म्हणून कॅपिटल. 'इट' सर्वनाम, कॅपिटल. 'विथ' चार अक्षरी असूनही शिकागोत छोटा, असोसिएटेड प्रेसमध्ये चार अक्षरांपासून पुढे सगळेच मोठे. शिकागोने २०२४च्या आवृत्तीत पाच किंवा जास्त अक्षरी शब्दयोगी मोठे करायला सुरुवात केली, त्यामुळे 'अबाउट' आता मोठा. शीर्षकाचा पहिला आणि शेवटचा शब्द दोन्हींकडे मोठा.

वर्डमध्ये शब्द निवडून शिफ्ट आणि एफ-३ दाबलं की सगळं छोटं, सगळं मोठं, प्रत्येक शब्दाचं पहिलं मोठं असं फिरत राहतं. तिसऱ्या पर्यायात 'ऑफ', 'द', 'अँड' सुद्धा मोठे होतात, ते हाताने उतरवावे लागतात. एक्सेलमधलं 'प्रॉपर' हे सूत्र त्याहून आडदांड: अक्षर नसलेल्या कुठल्याही खुणेनंतरचं अक्षर ते मोठं करतं, म्हणून 'डोन्ट'मधला अपॉस्ट्रॉफीनंतरचा टी मोठा होतो. 'ओब्रायन' त्यात नीट येतो, पण 'मॅकडॉनल्ड'मधला मधला डी छोटा होऊन बसतो. नावांच्या यादीवर चालवलंत तर नंतर 'मॅक'ने सुरू होणारी आणि 'व्हान', 'डी' असलेली नावं गाळून हाताने तपासा.

वर्ड पूर्णविराम दिसला की पुढचं अक्षर मोठं करतं. संक्षेपानंतरही करतं. ऑटोकरेक्टच्या अपवादांत पहिल्या अक्षराची यादी असते, तिथे आपले नेहमीचे संक्षेप टाकून ठेवा.

कलमबहाद्दर

करारांतली कॅपिटल वेगळी असतात, एवढं नोंदवून जातो. 'द कंपनी', 'द ॲग्रीमेंट', 'द पार्टीज' हे मोठ्या अक्षराने दिसले म्हणजे लिहिणाऱ्याला महत्त्व वाटलं असं नाही. सुरुवातीच्या कलमात त्या शब्दाची व्याख्या दिलेली असते आणि कॅपिटल म्हणजे 'तिथला अर्थ घ्या'. म्हणून दस्तात सापडलेला मोठा सी संपादकाने उत्साहाने छोटा करू नये, आणि व्याख्या न दिलेला शब्द मोठा करू नये. 'सर्व्हिसेस'ची व्याख्या असेल तर मोठ्या एसने त्या ठरलेल्या सेवा, छोट्या एसने जगातल्या कुठल्याही सेवा. वाद झाला की वकील तेवढ्या एका अक्षरावर बोट ठेवतात.

तपासायची रीत: व्याख्यांच्या कलमातले शब्द वेगळ्या कागदावर उतरवा, मग प्रत्येक शब्द लहान-मोठं अक्षर वेगळं धरून शोधा. शोधचौकटीत 'मॅच केस' ही खूण आधी लावा, नाहीतर दोन्ही एकातच येतात.

अल्पविराम

'मॅच केस' सगळ्यांनाच उपयोगी. लांब मजकूर असेल तर मी एक पानभर यादी बाजूला ठेवते: शब्द, कोणतं रूप ठरवलं, कुठल्या पानावर पहिल्यांदा आला. 'गव्हर्न्मेंट' एकटा आला तर छोटा, 'गव्हर्न्मेंट ऑफ कॅनडा' आलं तर मोठा, असं दोन्ही रूपांसकट. शेवटच्या फेरीत फक्त कॅपिटलच बघायची. अर्थ, स्पेलिंग आणि कॅपिटल एकाच वाचनात बघायला गेलं की कॅपिटल सुटतात.

टिंबटिंब

शेवटची शंका. 'आयफोन'मधला आय छोटा, 'ईबे'मधला ई छोटा. वाक्याची सुरुवातच त्याने झाली तर?

मुद्राराक्षस

शिकागो म्हणते तसंच राहू द्या, कारण नावात पुढे एक मोठं अक्षर आहेच. असोसिएटेड प्रेस म्हणते वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करा. डच आडनावांतही अशी पंचाईत असते: 'व्हिन्सेंट व्हान गॉग' यात व्ही छोटा, पण पहिलं नाव गाळून नुसतं 'व्हान गॉग' लिहिलं की डच पद्धतीत तो मोठा होतो.

परीक्षानळी

आमच्याकडे 'पीएच'चं (द्रावण किती आम्लधर्मी ते दाखवणारं चिन्ह) तेच होतं, पी छोटा आणि एच मोठा. पी मोठा केला तर चिन्हच बदलतं आणि छोटा ठेवला तर वाक्याची सुरुवात चुकल्यासारखी दिसते. वाक्य 'द पीएच ऑफ द सोल्यूशन' असं सुरू करा, टी मोठा होतो आणि पी जागेवर राहतो. आयफोनलाही मागे 'द' किंवा 'ॲपल्स' लावून बघा.